कडकबाईंचा रविवार

आधीच सांगून टाकतो, मी चर्चला जाणारा माणूस नाही. आयुष्यात एकदाच गेलो, स्वतःच्या लग्नाला, आणि तेही सासरे दारात उभे होते म्हणून. मी दवाखान्याचा स्टोअरकीपर. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे गाऊन, बादल्या, खराटे, सगळं माझ्या किल्लीखाली. वर कर्मचारी युनियनचा चिटणीस, म्हणजे भांडणाचा परवाना कायम खिशात. असला माणूस एका देवभोळ्या बाईची गोष्ट सांगायला बसलाय म्हटल्यावर लोक हसतील. हसू देत. आणि ‘देवभोळ्या’ हा शब्द मी आत्ताच मागे घेतो, कारण त्यांच्या कानावर गेला तर माझी धडगत नाही. "देवाला मानते मी. भोळी कुणी सांगितलं तुम्हाला?" असं त्या एकदा आमच्या सर्जनला तोंडावर म्हणाल्या होत्या.

कडकबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांच्याकडून धुऊन आलेली कॉलर मानेला टोचायची आणि त्यांचं बोलणं कानाला, म्हणून गावाने नाव ठेवलं. त्यांनाही ते ठाऊक होतं. दवाखान्याच्या मागच्या फाटकातून बाहेर पडलं की डावीकडे चर्चची भिंत लागते, आणि ती संपते तिथे त्यांची लाँड्री. लांबट खोली, पत्र्याचं छप्पर. एका टोकाला लाकडावर चालणारा बॉयलर, मध्ये सिमेंटचे चार हौद, वडिलांच्या वेळची दोन मशिनं, मागच्या अंगणात तारा. दारावर पाटी, ‘रविवारी बंद’. लाँड्रीचं नाव त्याच्या खाली, बारीक अक्षरात.

वडिलांनी सुरू केलेली ही लाँड्री. नवरा चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, तो लवकर गेला. मुलगी लग्न होऊन लांब. वरच्या मजल्यावर बाई एकट्या राहायच्या आणि खाली नऊ बायकांना घेऊन सकाळी सहापासून कामाला लागायच्या. एकसष्ट वर्षांच्या, ठेंगण्या, आणि दंड असे की ओली चादर एका पिळात कोरडी व्हावी.

आमचं दोघांचं कधी पटलं नाही. मी म्हणायचो, गरजू माणसाला सरकारने सांभाळायला पाहिजे. त्या म्हणायच्या, "सरकार, सरकार! तुमच्या घरची भांडी सरकार घासतं का हो, स्टोअरभाऊ?" त्यांचं गणित ठरलेलं होतं. माणसाला आधी घराने सांभाळायचं, मग शेजाऱ्याने, मग मंडळीने, आणि सगळ्यांनी हात टेकले तर सरकारने. मंडळी म्हणजे चर्चची माणसं. कामावरच्या एखादीचं नवऱ्याशी बिनसलं आणि गोष्ट वकिलापर्यंत गेली, की बाई दोघांना बोलवायच्या, चहा पाजायच्या आणि दोघांना इतकं सुनवायच्या, की ती दोघं मिळून बाईंवर चिडायची आणि चिडत चिडत एकत्रच घरी जायची. मला हे अजिबात पटायचं नाही. एखाद्या घरात खरंच राहण्यासारखं नसतं, असं मी म्हणायचो. त्यावर एकदा त्या म्हणाल्या, "हो. तशी एक होती. तिला मीच वरच्या खोलीत ठेवून घेतली होती वर्षभर." हे मला माहीत नव्हतं.

मग साथ आली.

आमच्या दवाखान्याचे कपडे तेव्हा एक मोठी कंपनी धुवायची. ट्रक यायचा, गाठोडी न्यायचा, तिसऱ्या दिवशी परत आणायचा. पहिला संसर्गाचा रुग्ण दाखल झाला आणि ट्रक यायचा बंद झाला. फोन केला तर "साहेब मीटिंगमध्ये आहेत". तीन दिवस साहेब मीटिंगमध्येच! मागच्या व्हरांड्यात गाठोड्यांचा ढीग माझ्या छातीपर्यंत आला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. शहरातल्या सहा लाँड्र्यांना विचारलं. एकाने तर माझा आवाज ऐकूनच दार लावून घेतलं.

शेवटी मागच्या फाटकातून कडकबाईंकडे गेलो. त्यांनी मला हौदाच्या पलीकडे उभं केलं, मास्क नाकावर घ्यायला लावला आणि सगळं ऐकून घेतलं.

"आणा," म्हणाल्या.

"संसर्गाचे कपडे आहेत, बाई."

"कानाने ऐकू येतं मला. हातमोजे, गमबूट आणि ब्लीचिंग पावडर तुम्ही द्यायची. माझ्या बायकांना मी विचारते, जिला भीती वाटते तिने इस्त्रीला बसावं. दर आहे तोच राहील. लोक मरतायत आणि मी दर वाढवू, एवढी काही मी खालच्या थराला गेले नाही. फक्त एक. रविवारी बंद."

मला वाटलं, गंमत करतायत. "अहो, रविवारी काय पेशंट बरे होऊन घरी जातात? चादर रविवारी घाण होत नाही का?"

"होते की. ती सोमवारी धुवू. सहा दिवसांत सात दिवसांचं काम देते तुम्हाला. नाही दिलं तर सातव्या दिवशी काढून टाका."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण जगात दुसरं कुणी नव्हतं. मी पाय आपटत निघालो तो थेट त्यांच्या पाळकांकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडे. म्हटलं, तुमचं तरी ऐकतील. पाळकसाहेब मऊ माणूस, बोलताना हात चोळायची सवय. ते आले, समजावून सांगायला लागले, की शास्त्रातच आहे, बैल विहिरीत पडला तर शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवशीही त्याला काढायचा असतो, त्यात पाप नाही.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "बैल पडला तर काढीनच, पाळकसाहेब. मला बोलावूसुद्धा नका, मीच धावत येईन. पण हे स्टोअरभाऊ दर रविवारी सकाळी बैल घेऊन विहिरीवर उभे राहणार असतील, तर ते मला जमायचं नाही."

पाळकसाहेब खोकल्याचं निमित्त करून हसले. मला राग यायला हवा होता, आलाही.

आता प्रश्न असा, की रविवारच्या चादरी आणायच्या कुठून? एक दिवस धुणं बंद म्हणजे एक दिवसाचा जास्तीचा साठा हवा, आणि माझ्या कपाटात होतं काय तर उंदरांनी कुरतडलेल्या अकरा चादरी. त्याची सोय बाईंनी चार दिवसांत केली. मंडळीतल्या घराघरात निरोप गेला. लोकांनी पेट्या उघडल्या. लग्नात आलेल्या, पाहुण्यांसाठी राखलेल्या, मुलीला द्यायच्या म्हणून ठेवलेल्या चादरी आल्या. फुलांच्या, चौकड्यांच्या, मोरांच्या, एकीवर तर आगगाडीचं चित्र! बाईंनी सगळ्या उकळून काढल्या आणि कडक इस्त्री करून माझ्याकडे पाठवल्या. तेव्हापासून रविवारी आमचा वॉर्ड घरासारखा दिसायचा. खाटेवर पडून पडून वार विसरलेला पेशंट फुलं बघायचा आणि विचारायचा, "आज रविवार ना?"

सहा दिवसांत सात दिवसांचं काम त्यांनी खरंच दिलं. पहिल्या आठवड्यापासून. एक वेळ अशी नाही, की चादर मागितली आणि आली नाही.

त्या काळात त्यांचं चर्चही बंद होतं. त्यावरून त्या धुमसत होत्या. "दारूचं दुकान उघडं, प्रार्थनेला कुलूप! हा कुठला न्याय?" पण कुलूप तोडायला निघालेल्या चार तरुणांना त्यांनीच फाटकात अडवलं. म्हणाल्या, अधिकाऱ्याचा हुकूम चुकीचा असेल तर त्याच्याशी लेखी भांडायचं. आणि दर सोमवारी एक अर्ज लिहायच्या. चाळीस माणसं, इतकं अंतर, खिडक्या उघड्या, वीस मिनिटांची उपासना, परवानगी मिळावी. अर्ज पोचवायला मी, कारण माझं कचेरीत जाणं असायचं. पुढे चौदाव्या अर्जाला परवानगी आली. मला वाटतं वैतागून आली, पण आली.

त्यांचाच एक दीर, त्याच मंडळीतला, फोनवर काहीबाही पसरवायचा. हे सगळं थोतांड आहे, विश्वास असेल त्याला काही होत नाही, असलं. बाईंनी त्याला लाँड्रीत बोलावला आणि नऊ बायकांसमोर विचारलं, "माझा देवावर विश्वास आहे म्हणून मी साबण सोडला का? अरे, साबण कुणी दिला माणसाला? हात धू आधी!" तो हात धुऊन गेला. पुढे लस आली तेव्हा रांगेत पहिल्या दहात बाई होत्या, आणि बाही वर करून मागे त्या दिराला शोधत होत्या.

सरकारी शिध्याची पाकिटं आली तेव्हा मी लाँड्रीसाठी दहा नेली. त्यांनी परत पाठवली. "आमच्या हाताला काम आहे. ज्यांचं बंद पडलंय त्यांना द्या." मी भडकलो. म्हटलं, ही भीक नाही, हक्क आहे लोकांचा! "असेल हक्क. म्हणूनच ज्याचा आहे त्याला द्या," म्हणाल्या. मी पाकिटं घेऊन परतलो आणि वाटेत बंद पडलेल्या हॉटेलातल्या वाढप्यांना दिली. हक्कावरचा आमचा वाद अजून मिटलेला नाही.

असे आठ आठवडे गेले. नवव्या रविवारी सकाळी मी स्टोअरचं कुलूप काढलं आणि आतून पाणी माझ्या बुटांवर आलं. छतातला पाइप फुटला होता. धुतलेल्या झाडून सगळ्या चादरी, फुलांच्या, पांढऱ्या, गाऊन, अभ्रे, गढूळ पाण्यात लोळत पडलेल्या. आणि त्याच वेळी पुढच्या फाटकातून वृद्धाश्रमातले बावीस म्हातारे आणत होते. सगळे तापाने फणफणलेले.

मी मागच्या फाटकाकडे पळालो. कडकबाई जिन्यावर बसून चष्मा लावून वाचत होत्या. मला बघितलं आणि पुस्तक मिटलं.

"बाई, पाइप फुटला. एक चादर कोरडी नाही. बावीस म्हातारे आलेत."

"किती वाजेपर्यंत पाहिजेत?"

मी तोंड उघडंच ठेवून उभा राहिलो. इतका वाद घालायची तयारी करून आलो होतो, ती सगळी वाया गेली.

"अहो बघताय काय? लाकडं फोडा!"

बायकांना त्यांनी निरोप पाठवला, की येणं सक्तीचं नाही, न आलेलीबद्दल मी मनात काही धरणार नाही. नऊच्या नऊ आल्या. पाळकसाहेब आले, झग्याच्या बाह्या वर सारून बॉयलरमध्ये लाकडं टाकायला बसले आणि चेहरा काळा करून घेतला. मी पिळायला होतो. दोन तासांत माझी मनगटं सुजली आणि शेजारची एक म्हातारी कामकरीण मला म्हणाली, "साहेब, तुम्ही आपले मोजायला बसा." दुपारी दोन वाजता गरम चादरींची शेवटची गाडी वॉर्डात गेली. बावीसच्या बावीस म्हातारे कोरड्या अंथरुणावर. त्यातले एकोणीस पुढे आपल्या पायांनी परत गेले, हे सांगताना मी त्या काळात कधी थकायचो नाही.

सोमवारी सकाळी आमच्या अधीक्षक मॅडमनी मला बोलावलं. मॅडम म्हणजे दवाखान्याच्या प्रमुख. उंच, सडपातळ, हुशार डॉक्टर, आणि साथ सुरू झाल्यापासून घरी न गेलेल्या. ऑफिसातच खाट टाकून झोपायच्या. त्या वाईट होत्या असं कुणी म्हणेल तर मी त्याच्याशी भांडेन. पण त्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर कागद सरकवला.

"काल जमलं ना? मग दर रविवारी जमेल. ती जुनी कंपनी परत यायला तयार आहे, सातही दिवस. लाँड्रीवाल्या बाईंना सांगा, या रविवारपासून सात दिवस, नाहीतर काम कंपनीला."

कागद घेऊन मी गेलो. कडकबाईंनी वाचला, घडी घातली आणि पदराला हात पुसले. त्या वेळी लाँड्रीत दवाखान्याशिवाय दुसरं कामच उरलं नव्हतं. लग्नं बंद, हॉटेलं बंद. दवाखाना गेला की नऊ बायका घरी. त्यातल्या सहा जणींच्या घरात तेव्हा दुसरं कमावतं कुणी नव्हतं.

"जाऊ दे ना, बाई," इस्त्रीवरची म्हणाली. "करू रविवारी. प्रभू समजून घेईल की."

बाई हौदाच्या कठड्यावर बसल्या. इतक्या वर्षांत त्यांना कामाच्या वेळी बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

"स्टोअरभाऊ, खरं सांगा. ही देवाची आज्ञा पाळतेय मी, की माझा हट्ट? आणि माझ्या हट्टापायी या नऊ जणी रस्त्यावर येणार?"

मी काय सांगणार कपाळ! मी म्हटलं, "मला यातलं काही कळत नाही, बाई." आणि खरंच कळत नव्हतं. रडू यायचं तेवढं बाकी होतं, त्यांना की मला ते सांगत नाही.

तेवढ्यात गाठोडी निवडणारी बाई किंचाळली. तिच्या जाड हातमोज्यात सुई रुतली होती. वापरलेली, चादरीत राहून गेलेली. नशीब, आत पोचली नव्हती. तिचा हात धुतला, बघितला, साधा ओरखडाही नाही.

कडकबाई उठल्या. फळीवरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला आणि ती सुई त्यात टाकली. मग डब्यात बराच वेळ बघत राहिल्या. नंतर एकदम माझ्याकडे वळल्या. "उद्या मॅडमची भेट घालून द्या मला. दहा मिनिटं."

दुसऱ्या दिवशी कडकबाई स्वच्छ इस्त्रीची साडी नेसून, मास्क लावून, डबा काखेत मारून मॅडमच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. मी दाराशी.

मॅडमनी डोकं वर केलं नाही. "बाई, माझ्या नर्सेस सातही दिवस राबतायत. मी स्वतः सदुसष्ट दिवस घरी गेलेली नाही. तुम्ही कोण अशा वेगळ्या लागून गेलात?"

"तेच विचारायला आलेय मी. त्यांना सुट्टी का नाही?"

मॅडमनी आता डोकं वर केलं.

कडकबाईंनी डबा टेबलावर उपडा केला. थर्मामीटर, कात्र्या, चिमटे, दोन चष्मे, कुणाची तरी कवळी, औषधाच्या बाटल्या, एका डॉक्टरांचं लग्नाचं वळं. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर तारीख. "गाठोड्यांत सापडलेलं आहे हे. मागून नेतात ते देते, बाकी ठेवते. बघा. पहिल्या आठवड्यात एक थर्मामीटर. दुसऱ्यात एक कात्री. चौथ्यात पाच वस्तू. सहाव्यात अकरा. मागच्या आठवड्यात सव्वीस. आणि ही सुई कालची, माझ्या बाईच्या हातमोज्यातून काढलेली."

मॅडम एकेक चिठ्ठी वाचत होत्या.

"तुमच्या मुली निष्काळजी नाहीत. पहिल्या आठवड्यात त्यांचं एकच गाठोडं चुकलं होतं. त्या थकल्यात. कपडे धुणाऱ्या बाईला सगळं कळतं, मॅडम, पेशंटच्या तोंडाआधी चादर बोलते. चादरीत सुया राहतायत, तर सलाइनमध्ये काय काय राहत असेल, ते तुम्ही डॉक्टर आहात, तुम्हीच बघा. माझ्या नऊ बायका आहेत. संसर्गाचे कपडे धुतात, आणि नऊ आठवड्यांत एकीचाही खाडा नाही. मी काही जादू केलेली नाही. त्या सहा दिवस काम करतात आणि एक दिवस घरी बसतात. हे मी शोधून काढलेलं नाही, ज्याने माणूस घडवला त्याने सांगितलंय. तुम्ही त्याला मानू नका हवं तर. डब्याला माना."

मॅडमनी शेवटची चिठ्ठी खाली ठेवली. मग मॅडम म्हणाल्या, "कंपनी सात दिवस द्यायला तयार आहे."

"देईल. तिचा मालक कुठे राहतो ठाऊक आहे? सुई लागली तर कुणाच्या दारात जाल? मी भिंतीपलीकडे राहते. चादर वाईट निघाली तर तुम्ही माझ्या जिन्यावर येऊन मला शिव्या घालू शकता. स्टोअरभाऊंनी घातल्याही आहेत."

खरं होतं ते. आणि त्याच क्षणी माझी मलाच लाज वाटली. युनियनचा चिटणीस मी. आठवड्याच्या सुट्टीसाठी तोंड फाटेस्तोवर घोषणा दिलेला माणूस मी. नऊ आठवडे साथीच्या नावाखाली गप्प बसलो होतो, आणि सुट्टी मागायला आली होती ती एक लाँड्रीवाली! मी दार सोडून पुढे आलो.

"मॅडम, मागच्या आठवड्यात मी गाऊनचे आकडे दोनदा चुकवले. तुम्हाला सांगितलं नाही. आणि लाँड्रीचं काम काढून घेणार असाल, तर त्या कागदावर मी सही करणार नाही. दुसरा स्टोअरकीपर बघा."

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. "सुट्टी द्यायची म्हणता. माणसं कुठून आणू मी?"

"ते आणलंय," म्हणून बाईंनी पदराच्या गाठीतून चार घड्यांचा कागद काढला. मंडळीतली त्रेचाळीस नावं, पत्त्यांसकट. कोण अंथरुणं घालील, कोण फरशी पुसेल, कोण डबे वाटेल, कोण फाटकावर बसेल. साठच्या पुढचं कुणी नाही, घरात तान्हं मूल असलेलं कुणी नाही. पाळकसाहेबांचं नाव ‘बॉयलर’ समोर होतं. "चर्चला तर तुमच्या लोकांनी कुलूपच घातलंय. माणसं मोकळीच आहेत. औषधाला हात लावणार नाहीत, पण तुमच्या नर्सेसना निदान बादल्या तरी उचलायला लागणार नाहीत."

मॅडमनी तो कागद दोनदा वाचला. मग हसल्या. मास्कच्या वर डोळ्यांतच दिसलं, पण त्या दोन महिन्यांत मी पहिल्यांदा पाहिलं. "स्टोअरकीपर, आदेश टाइप करा. प्रत्येकाला आठवड्यात एक दिवस, पाळीपाळीने. लाँड्री रविवारी बंद. कंपनीला कळवा, गरज नाही."

टाइपरायटरवर माझी बोटं अक्षरशः नाचली. नर्सेस, वॉर्डबॉय, ड्रायव्हर, स्वयंपाकी, सगळ्यांची नावं आणि वार. सूचना फळ्यावर लागली तेव्हा मुख्य नर्सने ती बोटाने एकेक अक्षर वाचली, मग भिंतीला टेकून उभ्या उभ्या हमसून रडली, आणि सगळा व्हरांडा टाळ्या वाजवायला लागला. कडकबाई तेवढ्यात मागच्या फाटकातून निघून गेल्या होत्या, बॉयलर तापला होता म्हणे.

सहीला नेलेल्या यादीत शेवटची ओळ मी स्वतःच्या अकलेने घातली होती. ‘अधीक्षक : गुरुवार.’ मॅडमचं पेन तिथे अडलं.

"हे कुणी सांगितलं?"

"यादी सगळ्यांची आहे, मॅडम."

"माझ्याशिवाय दवाखाना चालेल?"

मी म्हटलं, "गुरुवारी कळेल."

गुरुवारी सकाळी त्या गेल्या. जाताना तीन वेळा फाटकातून परत आल्या. एकदा किल्ल्या द्यायला, एकदा ऑक्सिजनचं सांगायला, आणि तिसऱ्यांदा कशाला, ते त्यांनाही आठवेना. दवाखाना चालला. चार जण बरे होऊन घरी गेले, दोन नवे आले, एका बाईला मुलगी झाली. मंडळीतल्या लोकांनी फरशी इतकी चकाचक पुसली, की मी स्वतःच घसरून पडलो. त्या आठवड्यात गाठोड्यांत सापडल्या फक्त तीन वस्तू, आणि त्यांतलं एक माझंच पेन होतं.

शुक्रवारी मॅडम आल्या त्या केस विंचरून, तेल लावून. व्हरांड्यात मला बघून थांबल्या.

"आईकडे गेले होते. अंगणात लांब लांब खुर्च्या टाकून बसलो. तिने पाटावर ताट ठेवलं, मागे सरकली आणि मी जेवताना नुसती बघत राहिली. मग म्हणाली, एवढी मोठी साहेब ना तू, सगळ्यांना तू रजा देतेस, तुला गं कुणी दिली?"

"मग? काय सांगितलंत?"

"खरं तेच सांगितलं," मॅडम म्हणाल्या. "लाँड्रीवालीने."